सीमेवरचं कार्ड आणि खेचरावरचं ऑपरेशन थिएटर

२०२३ च्या मार्च-एप्रिलमध्ये सीमाप्रश्नाला एक नवा फाटा फुटला. महाराष्ट्र सरकारनं महात्मा फुले जन आरोग्य योजना आपला दावा असलेल्या कर्नाटकातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं, त्यासाठी ५४ कोटी रुपयांचा आकडा सांगितला आणि कर्नाटक सरकारनं लगेच हरकत घेतली. तेव्हापासून बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कुणाशीही आरोग्यावर बोलायला गेलं की गाडी एकाच फाट्यावर वळते : कार्ड कुणाचं चालणार?

‘परदेशात असलं काही नसतं’ असं म्हणणाऱ्यांनी एकदा कॅनडाचा नकाशा उघडावा. ओटावा नदीच्या एका काठावर ओंटारियोतलं ओटावा, समोरच्या काठावर क्युबेकमधलं गातिनो. मधे पूल. दोन्हीकडे सरकारी आरोग्य विमा आहे आणि १९८४ च्या कॅनडा हेल्थ अ‍ॅक्टप्रमाणे एका प्रांताचं कार्ड दुसऱ्या प्रांतात चाललं पाहिजे. इस्पितळाचं बिल प्रांत आपापसात मिटवतातही. पण डॉक्टरांच्या फीचा जो आंतरप्रांतीय करार आहे, त्यात क्युबेक सामील नाही. त्यामुळे गातिनोचा माणूस ओटाव्यात डॉक्टरकडे गेला, तर पुष्कळदा आधी पैसे मोजतो, पावती घेतो, फॉर्म भरून क्युबेकच्या विमा मंडळाकडे पाठवतो. परतावा मिळतो तो क्युबेकच्या दरानं. वरचा फरक त्याच्याच खिशातून. चंदगडहून शिनोळीमार्गे बेळगावात येणारा आणि निपाणीहून कोल्हापूरला जाणारा रुग्ण ज्या कचाट्यात सापडतो, तोच हा कचाटा.

फरक एवढाच की ओटाव्यातला रुग्ण बिलावरून भांडतो तेव्हा तो जिवंत असतो. रक्त, भूल आणि रात्रीचा सर्जन यांची सोय आधी झालेली असते. आपल्याकडे भांडण कार्डापाशी सुरू होतं आणि कार्डापाशीच संपतं. हे लिहायला निमित्त क्युबेकमधल्या मॉन्ट्रियलचा एक पुतळा आहे, कॅनेडियन सर्जन डॉ. नॉर्मन बेथून यांचा. ज्या शहरात लोकांचं अर्धं राजकारण भाषेवर चालतं, तिथं हा माणूस भर चौकात उभा आहे.

बेथून यांचा जन्म १८९० चा, ओंटारियोतल्या ग्रेव्हनहर्स्टचा. वडील प्रेस्बिटेरियन पाद्री. पहिल्या महायुद्धात स्ट्रेचर उचलणारा म्हणून भरती, १९१५ मध्ये इप्रच्या लढाईत पायात तोफगोळ्याचे तुकडे. पुढे क्षयरोग झाला. न्यूयॉर्क राज्यातल्या सरानॅक लेकच्या सॅनेटोरियममध्ये फुप्फुसाभोवती हवा भरून ते दबवण्याचा उपचार त्यांनी आपल्यावर करून घेतला आणि मग छातीच्या शस्त्रक्रियेतच शिरले. बरगडी कापायची त्यांची कात्री अजून त्यांच्या नावानं ओळखली जाते. १९३३ ते १९३६ ते मॉन्ट्रियलच्या साक्रे-कर इस्पितळात छातीच्या शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख होते. इस्पितळ फ्रेंच कॅथलिक नन्सचं, प्रमुख इंग्रजी बोलणारा प्रॉटेस्टंट घरातला. त्या काळच्या क्युबेकमध्ये ही लहान गोष्ट नव्हती.

१९३६ च्या अखेरीस ते स्पेनच्या यादवी युद्धात माद्रिदला पोचले. तिथं त्यांच्या लक्षात आलं की जखमी माणूस मागच्या इस्पितळापर्यंत येतो तोवर रक्तस्राव आणि शॉक यांनी संपलेला असतो. मग जखमीला रक्ताकडे आणण्याऐवजी रक्त जखमीकडे न्यायचं. दात्याचा गट तपासायचा, निर्जंतुक बाटलीत साधारण ५०० मिली रक्त सोडियम सायट्रेटवर घ्यायचं म्हणजे ते गोठत नाही, बाटली रेफ्रिजरेटरमध्ये ठेवायची, फोन आला की गाडीतून आघाडीजवळच्या इस्पितळात न्यायची आणि देण्याआधी शरीराच्या तापमानाला आणायची. लंडनहून घेतलेली एक फोर्ड गाडी हेच फिरतं दुकान.

इथं कॅनेडियन अभिमानाला थोडा लगाम हवा. बाटलीतलं रक्त पहिल्यांदा आघाडीवर नेलं ते बेथून यांनीच, असं सर्रास सांगतात. ते खरं नाही. फ्रेदेरिक दुरान-जोर्दा या कातालान डॉक्टरनं बार्सिलोनात १९३६ च्या ऑगस्टपासूनच हे सुरू केलं होतं आणि त्याची पद्धत जास्त काटेकोर होती. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, ऑस्वाल्ड रॉबर्टसन या अमेरिकन डॉक्टरनं बर्फाच्या पेटीत साठवलेलं रक्त वापरलं होतं. बेथून यांचा स्वभाव तापट, दारूची सवय, सहकाऱ्यांशी आणि अधिकाऱ्यांशी सतत खटके. १९३७ च्या उन्हाळ्यापर्यंत स्पेनमधला त्यांचा गाशा गुंडाळला गेला होता. पुतळ्यावर हे लिहीत नाहीत.

पण खरा माणूस दिसतो तो चीनमध्ये. १९३८ च्या मार्चअखेर ते चिनी कम्युनिस्टांच्या ठाण्यात, येनानला पोचले, तिथून उत्तरेच्या डोंगरात, जपानी फौजांच्या पिछाडीला. रेफ्रिजरेटर नाही, गाडी नाही, रस्ताच नाही. माद्रिदची पद्धत तिथं जशीच्या तशी बसवण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही. गावकरी शेतात खत वाहून नेताना जनावराच्या पाठीवर जी दुबाजू टोपली टाकतात, तिच्या घाटावर त्यांनी औषधांचं खोगीर करून घेतलं. दोन खेचरांवर सगळं ऑपरेशन थिएटर बसायचं : शंभरेक शस्त्रक्रिया आणि पाचशे ड्रेसिंग होतील इतकं सामान. रक्त साठवता येत नाही म्हणून गावोगावी आधीच गट तपासून ठेवलेल्या दात्यांची यादी. ते स्वतः ओ गटाचे, तेव्हा पहिली बाही त्यांनी वर केली. १९३९ च्या एप्रिलमध्ये छीहुईच्या लढाईत ६९ तासांत ११५ शस्त्रक्रिया झाल्या. ऑक्टोबरअखेर ऑपरेशन करताना बोट कापलं, जंतुसंसर्ग रक्तात गेला आणि १२ नोव्हेंबर १९३९ ला ते वारले.

त्यांच्या नावाच्या इस्पितळाचा प्रमुख म्हणून १९४१ च्या जानेवारीत आला तो आपला सोलापूरचा माणूस, डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ च्या सप्टेंबरमध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक मुंबईहून निघालं, त्यात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीसांनी एक गोष्ट अशी केली जी बेथून यांना जमली नाही. बेथून शेवटपर्यंत दुभाष्यावर अवलंबून होते. कोटणीस चिनी शिकले, चिनीतून शस्त्रक्रिया शिकवू लागले, पाठ्यपुस्तक लिहायला घेतलं. ९ डिसेंबर १९४२ ला अपस्माराच्या झटक्यांनी गेले तेव्हा वय ३२. मराठी, कन्नड, तेलुगू एकाच बाजारात ऐकू येणाऱ्या सोलापुरात वाढलेल्या माणसाला चौथी भाषा शिकण्यात मानहानी वाटली नसावी, असं आपलं माझं मत.

आता बेळगाव. पाटीवर ६० टक्के कन्नड हवं, हा कर्नाटकाचा २०२४ चा कायदा. क्युबेकमध्ये १ जून २०२५ पासून दुकानाच्या दर्शनी भागावर फ्रेंचला इतर भाषांच्या दुप्पट जागा द्यावी लागते. दोन्हीकडे टेप घेऊन मोजता येईल असं हे काम, म्हणून ते होतं. क्युबेकच्या २०२२ च्या भाषा कायद्यानं आरोग्यासाठी निदान कागदावर अपवाद ठेवला. बेळगावच्या इस्पितळांत प्रत्यक्षात नर्स आणि वॉर्डबॉय कन्नड-मराठी-हिंदीची मिसळ करून निभावून नेतात, कुठल्याही अपवादाची वाट न पाहता. अडतं ते बाहेरून आलेल्या शिकाऊ डॉक्टरपाशी. एमबीबीएसच्या २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात सुरुवातीलाच स्थानिक भाषेचे धडे आहेत, आणि कर्नाटकात स्थानिक म्हणजे साहजिकच कन्नड. खानापूर तालुक्यातली बाळंतीण मध्यरात्री येते तेव्हा विचारायचे प्रश्न चारच असतात : बाळ कधी झालं, वार पडली का, रक्त कधीपासून जातंय, किती फडकी भिजली. हे चार प्रश्न मराठीतून शिकायला एक दुपार पुरे. त्यासाठी मोर्चा कुणी काढत नाही.

फडकी किती भिजली, या प्रश्नाचा अभ्यास बेळगावातच झालाय, हे बेळगावकरांना तरी कितपत माहीत आहे कोण जाणे. जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी बाळंतिणीच्या खाली पसरायचा मापाच्या खुणा असलेला प्लास्टिकचा कपडा वापरून दाखवून दिलं की नजरेचा अंदाज सुमारे ३३ टक्के कमी पडतो. म्हणजे ३०० मिली गेलेलं असताना डॉक्टरलाही ते २०० वाटतं. आणि बेळगाव जिल्ह्याच्या खेड्यांत १६२० बाळंतिणींवर केलेली मिसोप्रोस्टॉल या रक्तस्राव रोखणाऱ्या गोळीची चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. गावच्या परिचारिकांनी, म्हणजे एएनएम ताईंनी, बाळ जन्मल्यावर ६०० मायक्रोग्रॅमची मात्रा तोंडावाटे दिली, तेव्हा अतिरक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं. त्याच कामाचं ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन जास्त चांगलं, पण ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. बरेच दिवस गरमीत राहिलं की त्याची ताकद उतरते आणि बाटलीकडे बघून ते कळत नाही. गोळीला फ्रीज लागत नाही. खेचरावरच्या खोगिराचाच हा विचार. आफ्रिकेतल्या चार देशांत २०२३ मध्ये असाच खुणांचा कपडा आणि एकत्र उपचार वापरून गंभीर रक्तस्राव ६० टक्क्यांनी कमी केला गेला. बेळगावात जमलेली गोष्ट जगभर फिरून आली, पण सीमाभागाच्या भाषणांत तिला जागा मिळाली नाही.

गोळीनं थांबत नाही तेव्हा रक्तच लागतं, आणि अशा रक्तस्रावात दोनेक तासांत जीव जाऊ शकतो. भीमगडच्या जंगलातली आमगाव, गवाळी, पास्टोली ही गावं घ्या. पावसाळ्यात रुग्णाला आधी खांद्यावर रस्त्यापर्यंत आणायचं, मग खानापूर, मग बेळगाव. कर्नाटकाच्या ‘आरोग्य कर्नाटक’ या योजनेत आधी सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लागते. तातडीच्या वेळी ती माफ आहे, पण हे काउंटरवरच्या माणसाला माहीत असेल तर. महाराष्ट्राचं कार्ड त्याच्या जोडीला आलं तर वाईट काही नाही, मिळेल ते घ्यावं. पण दोन्ही कार्डं बिलाच्या वेळी कामाची. जंगल ते खानापूर या टप्प्यात दोन्ही बिनकामाची.

त्या टप्प्यावर उपयोगाची चीज म्हणजे तालुक्याच्या ठिकाणचं रक्त साठवण केंद्र. त्याला पूर्ण रक्तपेढी लागत नाही. मोठ्या रक्तपेढीशी करार, ४ अंशांच्या आसपास टिकणारा रक्ताचा फ्रीज, जनरेटर, गट आणि क्रॉसमॅच (दात्याचं रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळतं का याची तपासणी) करायचं सामान, आणि रात्रीही हजर असलेला तंत्रज्ञ. लाल पेशींची पिशवी रक्त टिकवणाऱ्या साध्या सीपीडीए द्रावणात ३५ दिवस टिकते. बिघडते कशी, तेही सांगतो. बर्फाची पाकिटं थेट पिशवीला लागून ठेवली की कडेचं रक्त गोठतं आणि पेशी फुटतात. मधे पुठ्ठा हवा. घाई आहे म्हणून नातेवाईक किंवा एखादा शिकाऊ पिशवी गरम पाण्यात बुडवतो, तेव्हाही पेशी फुटतात. फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर राहिलेली पिशवी परत ठेवायची नसते, आणि एकदा लावली की चार तासांत संपवायची असते. साध्या घरगुती फ्रीजमध्ये रक्त ठेवण्याचा मोह तर कधीच होऊ नये, दार उघडलं की त्याचं तापमान भटकतं.

केंद्र नसेल तिथं बेथून यांची डोंगरातली पद्धत, म्हणजे दात्याकडून ताजं रक्त थेट, हा मार्ग भारतात नागरी डॉक्टरांना बंद आहे. ग्रामीण सर्जनांची संघटना बरीच वर्षं तो उघडा म्हणून मागणी करतेय. लष्कराला मात्र नियमांत सूट आहे, सीमाभागातल्या आणि आडबाजूच्या छावण्यांसाठी. सीमाभाग म्हणजे अर्थात देशाची सीमा, आपली नव्हे. बेळगावच्या कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे. १९१५ मध्ये आजच्या इराकमधल्या टेसिफॉनच्या लढाईनंतर १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणींचे जखमी जवान स्प्रिंग नसलेल्या गाड्यांतून आणि बोटींतून कसे हाल सोसत मागे आले, यावर पुढे चौकशी आयोग बसला होता. लष्कर त्यातून शिकलं.

नागरी डॉक्टरांना थेट रक्त देण्याची ही सूट सरसकट द्यावी, असं मला वाटत नाही. झटपट किटनं एचआयव्ही, कावीळ बी आणि सी तपासली तरी नुकता संसर्ग झालेला दाता सुटतो. नवऱ्याचं रक्त बायकोला दिलं तर पुढच्या बाळंतपणात गुंतागुंत होऊ शकते, आणि आपल्याकडे पहिला पुढे येतो तो नवराच. पण अट घालून, जिथं दोन तासांत साठवलेलं रक्त पोचूच शकत नाही अशा नेमक्या ठिकाणांपुरती, आधी तपासून ठेवलेल्या नियमित दात्यांची यादी असेल तर द्यायला हरकत नसावी. ती ठिकाणं कुठली हे बेंगळुरूत किंवा मुंबईत बसून ठरणार नाही. ८६५ गावांची यादी दोन्ही सरकारांकडे पाठ आहे. तिच्यात गावाच्या नावापुढे तीन रकाने वाढवावेत : पावसाळ्यात सर्वांत जवळचा रक्ताचा फ्रीज किती मिनिटांवर, त्याला जनरेटर आहे का, आणि रात्री दोन वाजता क्रॉसमॅच कोण करतं.