'पेप्टाइड फक्त जंतूच मारतात' म्हणे!

रावेर-यावलकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. सार असं: अँटिमायक्रोबियल पेप्टाइड (जंतू मारणाऱ्या, अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या) आपलं शरीरच बनवतं, ते जंतूच मारतात, माणसाच्या पेशींना हात लावत नाहीत, जंतूंना त्यांची सवयही होत नाही. म्हणून शुगरवाल्यांनी पायाच्या जखमेला अँटिबायोटिक सोडून यांची पावडर पाण्यातून घ्यावी.

शरीर बनवतं, हे खरं. त्वचा आणि पांढऱ्या पेशी एलएल-३७ नावाचं असं पेप्टाइड तयार करतात. पण सोरायसिस या त्वचेच्या आजारात हेच पेप्टाइड आपल्याच डीएनएला चिकटून प्रतिकारशक्तीला आपल्यावर उठवतं. घरचं आहे म्हणून निरुपद्रवी, असं काही नसतं.

'माणसाच्या पेशींना हात लावत नाहीत' हा मेसेजमधला सगळ्यात घातक भाग. पेप्टाइडवर धन भार असतो, जिवाणूच्या आवरणावर ऋण. म्हणून ते तिकडे ओढलं जातं. आपल्या पेशींची बाहेरची बाजू बरीचशी उदासीन, शिवाय आवरणात कोलेस्टेरॉल. बचाव आहे तो एवढाच, आणि मात्रा वाढली की तो तुटतो. तपासायची रीत साधी आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी सलाइनने धुवायच्या, पेप्टाइड घालून ३७ अंशांवर ठेवायच्या, मग सेंट्रिफ्यूज यंत्रात ट्यूब गरगर फिरवायची. पेशी शाबूत असल्या तर तळाशी लाल गाळ आणि वर नितळ पाणी. फुटल्या तर अख्खी ट्यूब कोकम सरबतासारखी लाल. मधमाशीच्या विषातलं मेलिटिन, अवघ्या २६ अमिनो आम्लांचं, हेच करतं. १९३९ मध्ये सापडलेलं ग्रॅमिसिडिनही तांबड्या पेशी फोडतं, म्हणून ते इंजेक्शनातून देत नाहीत, वरून लावायच्या औषधांतच वापरतात. कोलिस्टिन हे अँटिबायोटिकही पेप्टाइडच. आयसीयूत ते सुरू असलं की क्रिएटिनिनवर (किडनीचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीवर) डोळा ठेवावा लागतो, कारण ते किडनीला झोंबतं. आणि शुगरवाल्याची किडनी आधीच नाजूक असू शकते!

सवय होत नाही? कोलिस्टिनला दाद न देण्याची ताकद जिवाणूला देणारं, एका जिवाणूतून दुसऱ्यात जाणारं जनुक २०१५ मध्ये चीनमधून नोंदवलं गेलं. भारतात २०१९ पासून कोंबड्या-जनावरांना कोलिस्टिन द्यायला बंदी आहे. नवापूरच्या पोल्ट्रीवाल्यांना विचारा.

राहिली पावडर. पोटातलं पेप्सिन आणि आतड्यातलं ट्रिप्सिन ही पाचकद्रव्यं असल्या बहुतेक पेप्टाइडचे तुकडे करून टाकतात. चीज टिकण्यासाठी त्यात घातलेलं नायसिन हे पेप्टाइड आपण खातो आणि तेही असंच पचून जातं. पायाच्या बोटापर्यंत काय पोचणार? थेट जखमेवर लावायचं मलम मात्र खरंच करून पाहिलं गेलं. आफ्रिकन बेडकाच्या कातडीत १९८७ मध्ये सापडलेल्या मॅगेनिन या पेप्टाइडवरून पेक्सिगॅनन हे मलमातलं औषध बनलं, तेही नेमकं शुगरच्या पायासाठी. १९९९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी ते नाकारलं. पुन्हा मोठ्या चाचण्या झाल्या, आणि २०१६ मध्ये ते औषध नसलेल्या मलमापेक्षा सरस ठरलं नाही.