सांगलीत ससा येतो का?

"आई, आजीच्या घराचा पत्ता सशाला माहीत आहे ना?"

लेकीनं हे विमानात विचारलं तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. आम्ही सात वर्षं जर्मनीत आहोत. तिकडच्या शाळेला ईस्टरची दोन आठवडे सुट्टी, म्हणून सांगलीला माहेरी निघालो. नवरा रजा नाही म्हणून मागे राहिला. ईस्टरच्या सुट्टीबरोबर ईस्टरही येतो, हे तिकीट काढताना सुचलंच नाही.

तिकडे ईस्टर म्हणजे वसंत. चार-पाच महिने आभाळ राखेच्या रंगाचं, मग एक दिवस जमिनीतून इवलाली जांभळी फुलं डोकं काढतात आणि १२ अंशांत माणसं कोट घालून रस्त्यावर आइस्क्रीम खात बसतात. रविवारी ससा बागेत रंगवलेली अंडी लपवून जातो, ती मुलांनी शोधायची. शुक्रवार, रविवार, सोमवार दुकानं बंद. मधल्या शनिवारी लोक दूध-पाव असा भरतात, जणू कृष्णेला पूर येणार आहे.

सांगलीत वसंत कॅलेंडरवर असतो. गावभागातल्या आमच्या वाड्याच्या परसात कडुनिंबाला मोहोर आला होता, एवढाच काय तो पुरावा. बाकी सकाळी दहालाच फरशी तापायची.

पहिला बळी गेला तो चॉकलेटच्या सशाचा. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं. फडताळात ठेवलेल्या सशाचे कान दुपारी मानेत गेले, संध्याकाळी तो आडवा झाला. शेजारी पाडव्याची साखरेची गाठी मात्र खडखडीत! पूर्वजांनी गुढीला चॉकलेट का बांधलं नाही, ते कळलं.

उरली अंडी. आमच्या घरात अंडं कधी आलेलं नाही, त्यात चैत्रगौर बसलेली. मी तारखेपासून सुरुवात केली. "२१ मार्चपासूनची पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्यापुढचा रविवार म्हणजे ईस्टर." आईनं भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. यंदा हनुमान जयंती गुरुवारी, २ एप्रिलला. ईस्टर ५ तारखेला.

"म्हणजे तेही तिथी बघतात की!" आवाज जरा मऊ झाला. मग मी पुढचं सांगितलं : आधी चाळीस दिवस उपास, जुन्या काळी त्यात अंडंही वर्ज्य, म्हणून साठलेली अंडी ईस्टरला.

"कोंबड्या काही उपास धरत नसणार," असं म्हणून तिनं माळ्यावरचं पोचे आलेलं पातेलं काढून दिलं. "परसात उकड. आणि हे परत आत आणू नकोस."

अण्णांची हरकत निराळी. त्यांनी तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलंय.

"ससा सस्तन प्राणी आहे. तो अंडी घालत नाही."

"आजोबा, तो फक्त आणतो."

"मग घालतं कोण?"

"कोंबडी."

"मग कोंबडीचा सण म्हणा!"

दोन दिवस आजोबा-नातीत अबोला.

शेवटी आईनं मिरजेच्या मैत्रिणीला फोन लावला. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलात या मावशी नर्स होत्या. "ससा?" मावशी हसायला लागल्या. "अगं, आम्ही पहाटे उपासनेला जातो, 'प्रभू उठला आहे' म्हणतो आणि घरी येऊन मटण शिजवतो. सशाचं काय करायचं असतं?"

खरा ईस्टर असलेल्यांना काही त्रास नव्हता. सगळा माझ्याच वाट्याला.

कोपऱ्यावरच्या दुकानदारानं डझनभर अंडी वर्तमानपत्रात, मग काळ्या पिशवीत, मग आणखी एका काळ्या पिशवीत बांधली आणि हळूच विचारलं, "ताई, मास्तरांना म्हाईत हाय न्हवं?"

रंगाच्या गोळ्या जर्मनीत राहिल्या होत्या. पण ज्या गावच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिथं रंगाला काय तोटा? उकळत्या पाण्यात चार चमचे हळद टाकली, लिंबू पिळलं. अंडी पिवळी झाली. माझे हात, लेकीचा फ्रॉक आणि धुण्याचा दगडही. भिंतीवरून शेजारच्या काकू डोकावल्या. "अगं बाई, हळद कुणाची?"

अंड्यांची, असं सांगायचा धीर झाला नाही.

रविवारी पहाटे साडेपाचला, ऊन चढायच्या आत, मी अंडी लपवली. आईची अट : तुळस आणि गौर सोडून. मग रांजणामागे, जास्वंदीच्या आळ्यात, अण्णांच्या स्कूटरच्या डिकीत. लेकीला अकरा सापडली. बारावं कुठं ठेवलं, ते मलाच आठवेना.

"उद्यापर्यंत वासावर सापडेल," आई म्हणाली.

तेवढ्यात अण्णा कुजबुजले, "गप्प! तिकडे बघा."

कडुनिंबाखालून एक मुंगूस निघालं होतं. पुढच्या पायांनी पिवळंधमक अंडं लोटत. मुंगूस दिसणं शुभ, म्हणून आईनं हात जोडले. "मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ!" आणि त्यानं खरंच मान वळवली. अण्णांचा चेहरा फुलला. "बघ! याला म्हणतात शास्त्रीय संबंध! हा प्राणी अंडी खातो." अबोला तिथंच सुटला. पुढचा अर्धा तास आजोबा-नात धुण्याच्या दगडावर बसून मुंगसाचे दात, शेपूट आणि साप यावर बोलत होते. मी पातेलं घासत होते. पिवळं जात नव्हतं.

रात्री लेकीनं बाबाला व्हिडिओ कॉल लावला.

"बाबा, इथं ससा येत नाही. इथं मुंगूस येतं. पण ते अंडी आणत नाही, घेऊन जातं."