‘पत्ता एकच, काळजी मिटली’ म्हणे!

धाकट्या बहिणीने परवा एक मेसेज पुढे ढकलला आणि खाली लिहिलं, “दादा, यात सांगितलंय तसं सगळं केलंय. बरोबर आहे ना?” आधी करायचं आणि मग विचारायचं, ही तिची जुनी खोड.

मेसेजचा मथितार्थ असा: मल्टिचेन वॉलेट, म्हणजे अनेक नेटवर्कवरचं (ब्लॉकचेनवरचं) क्रिप्टो चलन सांभाळणारं ॲप, घेतलं की सगळ्या नेटवर्कवर पत्ता एकच, त्यामुळे कुठल्याही नेटवर्कने पाठवा, पैसे पोचतात. सीडचे बारा शब्द, म्हणजे ज्यांतून वॉलेटच्या सगळ्या गुप्त चाव्या निघतात ते, फोटो काढून क्लाउडवर ठेवा आणि तेच शब्द दोन-तीन वॉलेट ॲपमध्ये टाका, म्हणजे एक बंद पडलं तर दुसरं हाताशी. वॉलेटला जोडलेली वेबसाइट ‘डिस्कनेक्ट’ केली की धोका संपला. ब्रिज म्हणजे या खात्यातून त्या खात्यात पैसे सरकवणं. आणि हार्डवेअर वॉलेट, म्हणजे चाव्या सांभाळणारं वेगळं छोटं यंत्र, असेल तर यातली कसलीच चिंता नको. शेवटी ‘जनहितार्थ’ आणि हात जोडलेले इमोजी.

पत्त्याचं आधी बघू, कारण त्यात थोडं खरं आहे आणि तेच घात करतं. इथेरियम, पॉलिगॉन, बीएनबी स्मार्ट चेन, आर्बिट्रम, बेस ही एकाच घराण्यातली नेटवर्क. तुमच्या बारा शब्दांतून निघालेली एकच चावी आणि एकच पत्ता त्या सगळ्यांवर चालतो. इथेरियमऐवजी चुकून बेसवर टोकन (डिजिटल नाणं) आलं, तर नेटवर्क बदला, दिसेल. एवढं मान्य. पण बिटकॉइन, ट्रॉन, सोलाना यांचे पत्ते वेगळे आणि चाव्याही वेगळ्या. शब्द तेच असले तरी प्रत्येक चावी वेगळ्या वाटेने काढली जाते; सोलानाचं तर सहीचं गणितच निराळं. ॲप ते सगळं एका पडद्यावर मांडतं, म्हणून एक वाटतं. आणि समोरचा पत्ता एक्स्चेंजचा, म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या कंपनीचा, असेल, तर त्याची चावी तुमच्याकडे नसतेच. ते नेटवर्क त्या एक्स्चेंजला चालत नसेल, तर बसा ग्राहकसेवेच्या विनवण्या करत.

असं नवखेच फसतात असं वाटत असेल तर 2022 सालचं प्रकरण आठवा. ऑप्टिमिझम या नेटवर्कच्या फाउंडेशनने विंटरम्यूट या कंपनीला आपले 2 कोटी ओपी टोकन पाठवले. कंपनीने दिलेला पत्ता त्यांच्या इथेरियमवरच्या मल्टिसिगचा होता. मल्टिसिग (अनेकांच्या सह्यांनी उघडणारं खातं) हे नुसत्या चावीवर चालणारं खातं नव्हे, ते स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे नेटवर्कवर बसवलेला प्रोग्राम. ज्या नेटवर्कवर उभं केलं तिथेच ते असतं. ऑप्टिमिझमवर त्या पत्त्यावर काहीच उभं नव्हतं. म्हणजे दार नसलेल्या मोकळ्या जागेत पैसे टाकले. दुसऱ्याच कुणीतरी ऑप्टिमिझमवर नेमक्या त्याच पत्त्यावर कॉन्ट्रॅक्ट उभं केलं आणि टोकन ताब्यात घेतले. पुढे त्यातले 1 कोटी 70 लाख परत आले, हे नशीब. यातली खरी मेख वेगळीच: मोठी रक्कम पाठवण्याआधी दोनदा थोडे टोकन पाठवून चाचणी झाली होती, आणि विंटरम्यूटने ‘पोचले’ असं कळवलंही होतं! पोचले होतेच. तिथून काढता येतात का, हे कुणी पाहिलं नाही. त्यामुळे नव्या पत्त्यावर, नव्या नेटवर्कवर चाचणी करायची तर थोडी रक्कम पाठवा आणि तीच परत बाहेर काढून दाखवा. नाहीतर ती चाचणी नव्हे.

बाकीचे मुद्दे पटकन उरकतो. डिस्कनेक्ट केल्याने वेबसाइटला तुमचं वॉलेट दिसायचं थांबतं, बस. तुम्ही दिलेलं अप्रूव्हल, म्हणजे तुमचे टोकन काढून घ्यायची परवानगी, टोकनच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये नोंदलेलं असतं आणि ते रद्द करायला वेगळा व्यवहार लागतो, गॅस फी (व्यवहाराचं शुल्क) भरून, त्या-त्या नेटवर्कवर. इथेरियमवर रद्द केलं म्हणून पॉलिगॉनवरचं जात नाही.

ब्रिज दोन नेटवर्कना जोडतो, पण त्यात अनेकदा पैसे सरकत नाहीत. एका नेटवर्कवर ते अडकवून ठेवतात आणि दुसऱ्यावर त्याची पावती मिळते. तिजोरीच लुटली गेली तर पावतीला काय अर्थ? रोनिन ब्रिजच्या 9 पैकी 5 चाव्या हल्लेखोरांच्या हाती लागल्या, तेव्हा मार्च 2022 मध्ये 1,73,600 ईथर (इथेरियमचं नाणं) आणि वर अडीच कोटींहून जास्त यूएसडीसी (डॉलरशी बांधलेलं नाणं) गेले.

हार्डवेअर वॉलेट चांगलंच, मीही वापरतो. चावी त्यातून बाहेर पडत नाही. पण तुम्ही सही कशावर करताय, हे ते ठरवत नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये बायबिट या एक्स्चेंजचे सुमारे दीड अब्ज डॉलर गेले ते सह्या करणाऱ्यांनी नेहमीचा व्यवहार समजून सही केली म्हणून. पडद्यावर एक दिसत होतं आणि सही भलत्यावरच होत होती.

आता बारा शब्द. हा मुद्दा मुद्दाम मागे ठेवला, कारण बहिणीने नेमकं हेच केलं होतं. फोटोही काढला, तीन ॲपमध्येही टाकले. ऑगस्ट 2022 मध्ये सोलानावरची हजारो वॉलेट रिकामी झाली, कारण स्लोप नावाचं वॉलेट ॲप लोकांचे सीड शब्द उघड मजकुरात एका लॉग सर्व्हरवर पाठवत होतं. फँटम हे दुसरं वॉलेट वापरणारेही त्यात सापडले. त्यांनी तेच शब्द कधीतरी स्लोपमध्ये टाकले होते. म्हणजे तीन ॲप म्हणजे तिप्पट सोय नव्हे, तिघांतलं सगळ्यात गचाळ ॲप तुमची सुरक्षितता ठरवणार. आणि शब्द फुटले की एक नेटवर्क जात नाही, सगळी जातात. फोटोचं म्हणाल, तर फोनमधल्या फोटोंतला मजकूर वाचून सीड शब्द शोधणारी ॲप कॅस्परस्की या सायबरसुरक्षा कंपनीला थेट अधिकृत ॲप स्टोअरमध्ये सापडली, 2025 च्या सुरुवातीला.

फोटो पुसून भागत नाही. ॲप काढून टाकूनही नाही. नवे शब्द तयार करायचे, कागदावर लिहायचे आणि प्रत्येक नेटवर्कवरचं सगळं नव्या पत्त्यांवर हलवायचं. आम्ही दोघं रात्री दीडपर्यंत तेच करत होतो. ट्रॉनवर तिचे यूएसडीटी (हेही डॉलरशी बांधलेलं नाणं) होते, पण फीसाठी टीआरएक्सचा, म्हणजे ट्रॉनच्या नाण्याचा, एक दाणा नव्हता. पॉलिगॉनवरही तिथलं नाणं पीओएल शून्य. “एकच वॉलेट आहे ना, मग ईथरमधून फी कापून घेईल की,” हे तिचं म्हणणं. नाही कापत, बाई. जे नेटवर्क, फी तिथल्या ठरलेल्या नाण्यात.

सगळं हलवून झाल्यावर ती हळूच म्हणाली, “दादा, तो मेसेज मी मावशीलाही पाठवलाय.”