लाखो व्ह्यूज म्हणजे चांगला धडा नव्हे

पालकांच्या गटांत सध्या एक संदेश फिरतोय. त्याचं म्हणणं असं: ऑनलाइन अभ्याससाहित्य निवडणं सोपं आहे. ज्याला लाखो व्ह्यूज आहेत, जे पाहून मूल लगेच 'समजलं' म्हणतं आणि जे मोबाइलवर उघडतं, ते चांगलं. मी शाळेत विज्ञान शिकवते. या तिन्ही कसोट्या मला चुकीच्या वाटतात, आणि मधली तर घातक.

व्ह्यूज वर्षानुवर्षं साठत जातात, त्यामुळे जुन्या व्हिडिओचं पारडं आपोआप जड होतं. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्याआधीचा व्हिडिओ महाराष्ट्रात ३५ जिल्हे सांगणार. आज ते ३६ आहेत. किलोग्रॅमची व्याख्या २० मे २०१९ पासून पॅरिसजवळ ठेवलेल्या धातूच्या ठोकळ्यावर नाही, तर प्लांकचा स्थिरांक या निसर्गातल्या कधीच न बदलणाऱ्या राशीवर बेतलेली आहे; जुना व्हिडिओ ठोकळाच सांगणार. लाइक्सवरही विसंबू नका, कारण नापसंतीचा आकडा यूट्यूबनं २०२१ मध्येच लोकांपासून झाकला. आधी तारीख पाहा.

आता 'समजलं'. चेंडू सरळ वर फेकला. हातातून सुटल्यावर, हवेचा विरोध सोडला तर, त्यावर कोणती बलं असतात? दरवर्षी वर्गातली बरीच मुलं सांगतात, 'वर ढकलणारं बल असतं, ते हळूहळू संपतं.' खरं तर तिथे फक्त गुरुत्वाकर्षण असतं. सुबक व्हिडिओ बरोबर उत्तर सांगून पुढे जातो, मूल मान डोलावतं, आणि मनातली जुनी समजूत तशीच राहते. डेरेक म्युलर यांनी सिडनी विद्यापीठातल्या पीएचडीसाठी (२००८) नेमकं हेच तपासलं. सरळ, स्वच्छ समजावणारे व्हिडिओ विद्यार्थ्यांना सोपे वाटले, पण चाचणीतले गुण जेमतेम हलले. ज्यांत आधी चुकीची समजूत मांडून मग ती खोडली होती, ते व्हिडिओ गोंधळाचे वाटले, पण शिकणं त्यांतूनच जास्त झालं. म्हणजे सोपं वाटणं हा पुरावाच नाही.

पुरावा हवा असेल तर मुलाला आठवून लिहायला लावा, तेही काही दिवसांनी. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधल्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढे होते. आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून मी साहित्यात पहिल्यांदा प्रश्न शोधते. उत्तर चुकलं तर का चुकलं हे ते सांगतं का? नुसतं 'चूक' म्हणून थांबत असेल, तर मी ते वर्गाला सुचवत नाही.

मोबाइलवर उघडणं आणि वापरता येणं यातही अंतर आहे. मराठी नोट्सच्या कितीतरी पीडीएफ म्हणजे पानांचे फोटो असतात: शब्द शोधता येत नाही, अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते. काही फाइली जुन्या, युनिकोड (सगळ्या उपकरणांना कळणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये असतात. डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत रोमन अक्षरं असतात, त्यामुळे दृष्टिहीन मुलाला मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर अर्थहीन आवाज काढतं. तपासायला अर्धा मिनिट लागतो: एक ओळ कॉपी करून मेसेजच्या चौकटीत चिकटवा. तिथे मराठी उमटलं नाही, तर बनवणाऱ्याला कळवा आणि युनिकोडमधली प्रत मागा.