चिरंजीवांना गाडी देताना

पोराला गाडी द्यायची म्हणता? उशीर केलात. हे शिक्षण चौथ्या वर्षी सुरू करायचं असतं. स्कूटरवर पुढे उभं करायचं, इवल्याशा मुठीत हँडल द्यायचं आणि सिग्नलला शेजारच्याला सांगायचं, "आज साहेबच चालवताहेत!" लाल दिव्याला त्यानं हॉर्न वाजवला तर जास्त कौतुक करायचं. संस्कार याच वयात होतात.

आठवीत पाय जमिनीला टेकू लागतात. दोन्ही टेकायला हवेत असं नाही, एका पायाचा अंगठा पुरतो. तेव्हापासून कोपऱ्यावर दुधाला पाठवा. अर्ध्या लिटरसाठी पोरगं चालत गेलं तर सोसायटीत काय दिसेल?

लायसन्सचं एखादा मामा विचारेलच. (सख्खा नव्हे, चौकातला.) सोळाव्या वर्षी कायद्याची परवानगी आहे, पण बिनगिअरच्या, ५० सीसीपर्यंतच्या गाडीला. तुमच्या दारातली स्कुटी ११० ची. असू दे, गणितात पोरगं तसंही कच्चंच आहे.

दहावीला पंच्याऐंशी टक्के पडले की बाइक. शब्द दिला होतात ना? आल्या आल्या तो आरसे काढेल. काढू द्या, मागं बघणाऱ्याची प्रगती होत नाही. सायलेन्सर बदलेल, म्हणजे रात्री साडेअकराला तो गल्लीत शिरला हे त्याच्या आईला झोपेतही कळेल. हेल्मेट मात्र चांगलं घ्या, आयएसआयचं. कोपरात अडकवलं की शोभून दिसतं.

मोबाइलवरून उगाच ओरडू नका. ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. 'कुठंयस' एवढं वाचून 'आलोच' लिहायला तीन सेकंद धरा. म्हणजे ५० मीटर रस्ता पोरानं न बघता पार केला. त्या वयात तुमच्यात होता एवढा आत्मविश्वास?

आता थोडं तुमच्याविषयी. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. घाबरू नका. 'मला न सांगता नेली' हे सिद्ध केलंत तर सुटाल, तशी सोय कायद्यातच आहे. फक्त हार घातलेल्या बाइकपाशी त्याच्या हातात किल्ली ठेवतानाचा तो फोटो आहे ना, तो नातेवाइकांच्या ग्रुपवरून आधी काढा. अर्थात छत्तीस जणांनी अंगठे दिलेत. आत्याबाईंनी तर सेव्हही केलाय.

निबंधाची वही मात्र जवळ ठेवा. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले, तेव्हा सतरा वर्षांच्या मुलाला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायची अट घातली होती. फार विसंबू नका पण. आरडाओरडा झाला, आदेश फिरला, मुलगा निरीक्षणगृहात गेला आणि त्याच आठवड्यात बापालाही अटक झाली. बापाला कुणी निबंधाचा विषय दिल्याचं ऐकिवात नाही.

असो. किल्ली खुंटीवर नेहमीच्या जागी राहू द्या. आणि धाकटी कधीची खाली स्कूटरपाशी उभी आहे. चार पूर्ण झाली ना तिला? जा, हॉर्नपर्यंत हात पोचतोय का बघा.