आडवा बंब

कालपासून खिशात एक पावती आहे. फाडावी की जपून ठेवावी, ठरत नाही.

झालं एवढंच, की माझ्या वाफेवर चालणाऱ्या छोट्या इंजिनाचा बॉयलर गेला. इंजिन हातभर लांब, पण वाफ खरी. पितळी बॉयलर, खाली स्पिरिटचा दिवा. परवा व्हिडिओ काढायच्या नादात आतलं पाणी कधी संपलं ते कळलंच नाही. पाणी आहे तोवर सांधे शाबूत राहतात. ते आटलं, की शिसं-कथलाचं साधं झाळ १८३ अंशांनाच पातळ होतं. झालं! म्हटलं, नुसती दुरुस्ती कशाला, सुधारणाच करू. तांब्याचा बॉयलर, पोटातून आरपार नळी, नळीत गॅसची ज्योत. दिवा उघड्यावर असला की अर्धी ऊब वारा नेतो. बोहरी आळीत ५० मिलिमीटरचा तांब्याचा पाइप मिळाला. दोन टोकांच्या झाकणांना काठ ठोकून हवे होते, म्हणून कसबा पेठेतली तांबट आळी गाठली.

दुकानात एक आजी स्टुलावर बसलेल्या. पायाशी गळका बंब. माझ्या हातातला कागद त्यांनी न विचारताच घेतला, उलटा धरला.

"हे काय रे?"

"बॉयलर. रेल्वे इंजिनाचा."

"मधून नळी?"

"हो."

"नळीत विस्तव?"

"हो, गॅसचा."

"आणि भोवती पाणी."

"हो."

"म्हणजे बंब."

शहाण्या माणसानं इथे गप्प बसावं. मी म्हणालो, "आजी, बंब उभा असतो."

"मग हा आडवा."

तांबट मान वर न करता हसला. ते हसू मला अजून टोचतंय.

मग मी पेटलो. म्हटलं, आजी, तुमच्या बंबाला वरून तोंड उघडं, त्यात दाब चढतच नाही. ह्यात चौरस इंचाला ४० पौंड दाब. कपभर पाण्याची वाफ झाली तर सोळाशे कपांची जागा मागते, माहितेय? म्हणून सेफ्टी व्हॉल्व्ह लागतो, म्हणून आधी दुप्पट दाबानं, ८० पौंडांवर, पाणी भरून चाचणी घ्यायची. वाफेनं नाही, पाण्यानंच. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सांधा सुटला तरी नुसतं ठिबकतं, अंगावर येत नाही.

आजींनी सगळं शांतपणे ऐकलं. "म्हणजे माझा फुटणार नाही."

"नाही."

"मग माझा बरा. तुझ्यात अंघोळी किती होतात?"

"अंघोळीसाठी नाहीये हो तो!"

"मग एवढा विस्तव कशाला?"

ह्याला उत्तर नाही. म्हणजे आहे, पण ते ऐकायला कुणाला वेळ असतो? लोक लाखाचा फोन घेतात, दोन वर्षांत टाकतात, कुणी विचारत नाही कशाला म्हणून. मी तांब्याचे चार तुकडे घेतले की सोसायटीच्या गेटपासून चौकशी सुरू. "नातवासाठी का?" नातू नाही मला. मुलगा बंगळुरूला असतो, तोही व्हिडिओ कॉलवर "बाबा, ते खेळणं" म्हणतो. खेळण्याला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो का रे? जाऊ दे.

तेवढ्यात तांबटानं तांब्याची चकती लालबुंद केली आणि सांडशीनं पाण्यात बुडवली. चुर्रर्र. इथे तरी आपली बाजू सावरावी म्हणून मी आजींकडे वळलो, "बघा, पोलाद असं बुडवलं की कडक होतं, पण तांबं—"

"मऊ होतं. माझे सासरे ह्याच आळीतले."

पुढे मी बोललो नाही. चकती लाकडी ठोकळ्यावर बसवून त्यानं फेऱ्याफेऱ्यानं काठ वळवला. मध्ये एकदा कडक आली तेव्हा परत लाल केली, परत बुडवली. केसाएवढीही चीर नाही. ह्याच कामात मी घरी तीन चकत्या वाया घालवल्यात, हे कुणाला सांगितलं नाही.

"मठारून देऊ का? ठोक्यांची नक्षी छान दिसते," त्यानं विचारलं. वाफेचं इंजिन आणि त्यावर पिंपासारखे चमचमते ठोके! नको म्हटलं.

बंब आधी मिळाला आजींना. तो रिक्षात चढवून झाल्यावर त्या परत आल्या, पिशवी विसरली म्हणून. तांबट माझी पावती करत होता. पेन थांबलं.

"काय लिहू, साहेब?"

मी तोंड उघडेपर्यंत आजी पिशवी उचलून दारातून म्हणाल्या, "लिही, आडव्या बंबाची झाकणं. दोन नग."

त्यानं लिहिलं.