तो गेम तुमचा होता, आमचा नव्हता

गणपती तोंडावर आले की माळा झाडायचं काम दरवर्षी माझ्याच गळ्यात. यंदाही शिडी लावून चढलो. माटवीच्या दोऱ्या, लोणच्याची बरणी, बंद पडलेला रेडिओ असं एकेक खाली देत होतो. खाली मुंबईहून आलेला भाचा, आणि त्याच्या हाती नेमकी ती सीडी लागली.

"मामा, तुझ्याकडे स्पायडर-मॅन २ होता? जाळ्यावरचे झोके, ते स्विंगिंग, बेस्ट म्हणतात ना ह्यात!"

डोकंच फिरलं. वीस वर्षं हेच ऐकतोय. लग्नात ऐकतो, ऑफिसात ऐकतो, यूट्यूबवर तर रोज ऐकतो. स्पायडर-मॅनचा विषय निघाला की एक तरी शहाणा म्हणणारच, "२००४ च्या त्या गेमची सर कशालाच नाही." अरे हो रे बाबा, नाही सर. मला माहितेय. मी तो गेम स्वतःच्या पैशांनी विकत घेतलाय. तरीही तो माझ्याकडे कधीच नव्हता!

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. २००४ च्या 'स्पायडर-मॅन २' सिनेमावर त्याच नावाचे वेगवेगळे गेम निघाले. प्लेस्टेशन २, एक्सबॉक्स आणि गेमक्यूब ह्या कन्सोलवाल्यांना, म्हणजे टीव्हीला जोडायच्या खेळाच्या डब्यांवाल्यांना, एक आणि पीसी म्हणजे कॉम्प्युटरवाल्यांना दुसरा. बनवणारी मंडळी वेगळी, खेळ वेगळा. नाव मात्र तेच आणि हीरो तोच.

खरा गेम मी खेळलो दादरला, चुलतभावाकडे, २००४ च्या दिवाळीत. तीन दिवस. त्याआधी आलेल्या २००२ च्या गेममध्ये जाळं सोडलं की ते चिकटायचं कशाला? आभाळाला! वर काही नसलं तरी आमचा गडी लोंबकळतोय. ह्यात तसं नव्हतं. जाळं खऱ्याखुऱ्या इमारतीलाच चिकटणार. जवळ उंच काही नसेल तर बस खाली आणि चाल पायी.

वहाळावरच्या वडाची पारंबी धरून ज्यांनी पाण्यात उड्या मारल्यात त्यांना हे लगेच कळेल. पारंबी सोडायची वेळ असते. लवकर सोडलीत तर दगडावर आपटाल, उशिरा सोडलीत तर आलात तिथेच परत. अंगालाच ती वेळ कळते, कुणी शिकवत नाही. तो गेम अगदी तसा होता. झोका खालून वर चढायला लागला, बरोबर त्या क्षणी सोडलं, की जो काय उडायचो! न्यूयॉर्कचं अख्खं मॅनहॅटन पायाखाली. कुठेही जा, कुणी अडवत नव्हतं. मी मिशनबिशन काही केलं नाही, नुसता झोके घेत बसलो. काकू जेवायला हाका मारून दमली.

मग काय, वेड लागलं. आमच्याकडे प्लेस्टेशन नव्हता, पण वडिलांनी हप्त्यावर घेतलेला असेंबल्ड पीसी होता. २००५ चा अख्खा मे महिना वेंगुर्ल्यात काजूबिया गोळा केल्या. हातांची सालं निघाली डिंकानं. त्या विकून आलेले पैसे घेऊन बाबांबरोबर आंबोलीचा घाट चढून कोल्हापूर गाठलं आणि ओरिजिनल सीडी घेतली. ओरिजिनल! वर्गातली सगळी पोरं डुप्लिकेट सीड्या फिरवत असताना हा हरिश्चंद्र सीलबंद डबा घेऊन घरी आला.

आणि आत काय निघालं? पोरखेळ. शब्दशः पोरखेळ, कारण पीसीवाला गेम लहान मुलं डोळ्यांसमोर ठेवूनच केला होता. जाळं कुठे टाकायचं हे तुम्ही ठरवायचंच नाही. ठराविक जागी खूण दिसणार, तिच्यावर माऊसनं क्लिक करायचं की गडी आपोआप तिकडे. झोका नाही हो, रोपवे! मारामारीसुद्धा क्लिक, क्लिक, क्लिक. आपलं आपण मोकाट हिंडायचं ते शहर गायब, एकेक लेव्हल संपवा आणि पुढे चला. मला आधी वाटलं हे ट्रेनिंग असेल, खरं शहर पुढे येईल. येईल येईल म्हणत दोन दिवसांत गेम संपला की हो.

दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "सील तोडलेला माल परत घेत नाही." आई म्हणाली, "तेवढ्या पैशात दोन कोंबे इले असते." बाबा काहीच बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

आता म्हणाल, त्या काळातल्या पीसीला एवढं मोठं शहर झेपलं नसतं. वा! त्याच पीसीवर आम्ही व्हाइस सिटी खेळत होतो की! २००३ सालीच पीसीवर आलेला गेम तो, सायबर कॅफेत पोरं रांग लावायची. गाड्या, बोटी, हेलिकॉप्टर, सगळं शहर चालायचं त्या डबड्यावर. म्हणजे झेपत होतं. आणि २००२ चा स्पायडर-मॅन पीसीवर कन्सोलसारखाच आला होता, त्याच भरवशावर तर मी पैसे टाकले. पीसीवाला गिऱ्हाईक म्हणजे शेंबडं पोर, त्याला काय कळतंय, असं कुणीतरी कुठेतरी बसून ठरवलं. बरं, ठरवा. पण मग डब्यावर तसं लिहा ना! 'यात झोका नाही' एवढे तीन शब्द. फसवून कसले विकता?

सिनेमा अमुक तारखेला लागणार म्हणून गेमही तेव्हाच दुकानात हवा, ह्या घाईनं कित्येक गेमची माती झालीय. १९८२ साली ई.टी.चा गेम एका माणसानं जेमतेम पाच आठवड्यांत उरकला. पुढच्या वर्षी न विकलेल्या मालात त्याचीही कार्ट्रिजं, म्हणजे गेमच्या डब्या, अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत खड्ड्यात पुरली, २०१४ ला ती उकरूनही काढली. पण तो गेम वाईट होता तर सगळ्यांनाच वाईट होता हो! इथे शेजारच्या पंगतीत पुरणपोळी आणि आमच्या पानात पेज. तीही पुरणपोळीच्या भावानं.

आणि ज्यांच्या पानात पुरणपोळी पडली त्यांनीही फार उड्या मारू नयेत. मागच्या वर्षी एका मित्राच्या जुन्या प्लेस्टेशनवर मी तो गेम बसून पूर्ण खेळलो. झोका अजून तस्साच, मान्य. बाकी काय? तीच ती कामं पुन्हा पुन्हा. पिझ्झा पोचवा, आणि त्यावर ते डोक्यात जाणारं इटालियन संगीत. पोराचा फुगा सुटला, फुगा आणा. दर पाच मिनिटांनी कुणीतरी गच्चीच्या कडेला लटकतंय. दर दहा मिनिटांनी बोट बुडतेय. वेंगुर्ल्याच्या बंदरात अख्ख्या पावसाळ्यात एवढ्या बोटी अडचणीत येत नाहीत! आणि हे टाळता येत नाही, कारण तेवढे पॉइंट जमल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. सिनेमातल्याच नटांचे आवाज घेतलेत म्हणून कौतुक, पण हीरो असा बोलतो जसा रेशनकार्डावरची नावं वाचतोय. तरीही, एवढं सगळं असूनही, संध्याकाळच्या उन्हात त्या इमारतींमधून एक लांब झोका घेतला आणि मला परत दादरची दिवाळी आठवली. म्हणून तर राग जास्त येतो.

भाचा म्हणाला, "मामा, तसाही स्पायडर-मॅन २ आता पीसीवर आलाय की." अरे, तो वेगळा! तो सिनेमावरचा नाहीच, नाव तेवढं सारखं. आणि तोसुद्धा प्लेस्टेशनवर ऑक्टोबर २०२३ मध्ये आला नि पीसीवर जानेवारी २०२५ मध्ये. पीसीवाले बसा उष्ट्यासाठी थांबून, अजूनही.

एवढं सगळं मी शिडीवर उभा राहूनच बोललो. भाचा कधीच मोबाईलमध्ये. आईनं ती सीडी उचलली, भोक पाडायची गरज नाही म्हणून खूश झाली आणि परसात पडवळाच्या मांडवाला दोऱ्यानं बांधली, पाखरांना बुजवायला. आता वाऱ्यानं मस्त झोके घेतेय मेली. पाखरं काही बुजत नाहीत.